गुलाबचा उजवा पाय

कांताचं काम बाटल्या धुण्याचं होतं. भिलाईच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर लॅबोरेटरी होती, तिथे सकाळी आठ वाजता ती सिंकपाशी उभी राहायची. थुंकीच्या डब्या, लघवीच्या बाटल्या, रक्ताच्या काचपट्ट्या. सगळं आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचं, मग उकळायचं, मग ब्रशने घासून जाळीवर पालथं घालायचं. चौथीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिला वाचता यायच्या. धुण्याआधी ती प्रत्येक नाव एकदा मनात वाचायची. त्या माणसाला पाहिलेलं नसायचं, तरी वाचायची.

ती आणि तिचा नवरा भय्याजी तुमसरकडचे. नागपुरात दीक्षा घेतली आणि दोन वर्षांनी, अठ्ठावन्न साली, बिऱ्हाड उचलून इकडे आले. तेव्हा पोलादाचा प्लांट उभाच राहत होता. भय्याजी खलासी झाला. दोर, साखळ्या आणि चेनपुली लावून अजस्र लोखंडी तुकडे वर चढवायचे आणि बोटभरही चूक न होता जागेवर बसवायचे, हे त्याचं काम. मरोद्याच्या मजूर कँपात पत्र्याची एक खोली मिळाली. तिथेच पुढच्या वर्षी गुलाब जन्मली. कांता कामावर गेली की शेजारची चंपा तिला सांभाळायची. चंपा बालाघाटकडची, मराठी-हिंदी एकत्र करून बोलणारी, तोंडाने तिखट. पण स्वतःच्या ताटातला पहिला घास गुलाबला भरवणारी.

एकसष्ट सालच्या ऑगस्टात गुलाब अडीच वर्षांची होती. तिला ताप आला. दोन दिवस जुलाब झाले, अंग कसंनुसं झालं. कांता ड्यूटीवर होती. भय्याजी पहिल्या पाळीवरून आला तर चंपाच्या मांडीवर पोर तव्यासारखी तापलेली. त्याने तिला उचललं आणि थेट नाक्यावर गेला. तिथे एक कंपाउंडर टेबल टाकून बसायचा आणि येईल त्याला सुई द्यायचा. त्याने गुलाबच्या उजव्या कुल्ल्यात सुई दिली. रात्री ताप उतरला. भय्याजी खूश झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कांताने हाक मारली, तशी गुलाब चटईवरून उठली आणि पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. तिला वाटलं खेळच आहे, म्हणून ती हसली. कांताने तिचा उजवा पाय हातात घेतला. पाय गरम होता, पण ओल्या कपड्यासारखा लोंबत होता.

हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि एकच शब्द सांगितला, पोलिओ. श्वास चांगला चालला होता, एवढं नशीब. तीन आठवडे गुलाब वॉर्डात राहिली. कांता खाली बाटल्या धुवायची, मधल्या सुट्टीत वर धावायची.

घरी आल्यावर चंपा दारातच उभी होती. तिच्या कडेवर तिची आठ महिन्यांची रुक्मा होती. ती दोन पावलं मागे सरली.

"कांता, बुरा नको मानू," ती म्हणाली. "तू दिनभर त्या बिमाऱ्याच्या बाटल्यांत हात घालते. अन् घरी येऊन त्याच हातानं पोट्टीले भरवते. तूच आणलं हे घरात. मायी पोरगी लहान आहे. आता तुया गुलाबले मी नाई ठेवत."

 चंपाने म्हणायच्या आधीच कांताने ते स्वतःला म्हटलं होतं.

त्या दिवसापासून तिने गुलाबला हाताने भरवणं सोडलं. चमच्याने भरवायची. भाकरी कुस्करायची तीही चमच्याने. गुलाब तिचं बोट पकडायला गेली की ती हात मागे घ्यायची, जाऊन हात धुवायची, आणि मग जवळ यायची. लॅबोरेटरीतून निघताना बाटल्यांसाठीच्या कडक औषधात ती कोपरापर्यंत हात बुडवून ठेवू लागली. महिन्याभरात बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, त्यातून रक्त येऊ लागलं. आता गुलाबला भय्याजीची दूरची मावशी ठकूबाई सांभाळत होती. तिला गावाहून बोलावून घेतलं होतं.

डॉ. विजया लॅबोरेटरीच्या डॉक्टर होत्या. नागपूरच्या, तिशीच्या आतल्या, एकट्या सेक्टर दहामध्ये राहायच्या. फार बोलायच्या नाहीत. एके दिवशी दुपारी त्या काचपट्टी घ्यायला सिंकपाशी आल्या आणि कांताच्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"कांताबाई, हे काय केलंत?"

"काही नाही बाई. साबण लागला."

"साबणाने असं होत नाही. इकडे या. बसा."

कांता त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती. स्टुलाच्या कडेवर टेकली. विजयाबाईंनी पुन्हा विचारलं, आणि मग तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं. चंपाचं बोलणं, चमचा, औषधाचं पाणी. शेवटी ती म्हणाली, "बाई, मले खरं सांगा. मायाच हातानं गेलं ना तिच्या पोटात?"

 विजयाबाईंनी कपाटातून लाकडाची एक चपटी पेटी काढली. मेडिकल कॉलेजात शिकताना जमवलेल्या काचपट्ट्या होत्या त्यात. एक उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवली.

"पाहा. हा एका पोलिओने गेलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्यातला काप आहे. कण्याच्या आत एक दोर असतो, मऊ. त्याचा हा आडवा काप. आधी डाव्या बाजूला पाहा."

कांताने एक डोळा मिटला. सुरुवातीला नुसता निळसर धूर दिसला. मग विजयाबाईंनी चाक फिरवलं आणि धुरात आकार आले. मोठाल्या, जांभळ्या, कोपरे फुटलेल्या चांदण्या. एकमेकींजवळ दाटीने बसलेल्या.

"या पेशी. एकेका पेशीपासून एक लांब धागा निघतो, तो थेट पायाच्या स्नायूपर्यंत जातो. पाय उचल, हे ती पेशी सांगते. आता उजव्या बाजूला."

काच सरकली. उजव्या बाजूला चांदण्या नव्हत्या. नुसते बारीक ठिपके, आणि मधे मोकळी जागा. दूर एका कोपऱ्यात एक चांदणी होती. आणखी खाली एक.

"कुठं गेल्या?"

"मेल्या."

कांताने डोळा उचलला नाही. विजयाबाई तिच्या शेजारी उभ्या राहून सावकाश सांगत होत्या. हा जो विषाणू असतो तो इतका लहान की या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाही. तो स्वतः काही खात नाही, वाढत नाही. पेशीच्या बाहेर असतो तेव्हा धुळीच्या कणासारखा पडून असतो. तोंडावाटे पोटात जातो. आतड्याच्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो. शंभरात नव्याण्णव मुलांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. थोडा ताप, थोडे जुलाब, आणि कोणाला कळतही नाही. एखाद्या पोराच्या बाबतीत मात्र तो पुढे या पेशींपर्यंत पोचतो.

"पण यायच्यातच कावून शिरते? हातात, डोळ्यात कावून नाही?"

"कारण प्रत्येक पेशीत शिरता येत नाही त्याला. पेशीच्या अंगावर काही जागा असतात, तिच्या स्वतःच्या कामाच्या. त्यातली एखादी जागा या विषाणूच्या आकाराशी जुळते. जिथे जुळते तिथेच तो चिकटतो. आता अमेरिकेत काही लोकांनी यावर काम केलंय, गेल्या वर्षी वाचलं मी. चिकटला की त्याच्या आतला भाग पेशीत उतरतो."

"म्हणजे पेशीच त्याले आत घेते?"

"एका अर्थी, हो."

"तिले समजत नाही?"

"नाही. तिच्या दृष्टीने जुळणारी वस्तू आली. एकदा आत गेला की पेशीचं स्वतःचं काम थांबतं. ती त्याचंच काम करायला लागते. त्याच्यासारखेच आणखी बनवते. काही तासांत हजारो. मग तिच्यात जीव उरत नाही, ती फुटते, आणि ते सगळे बाहेर पडून शेजारच्या पेशीकडे जातात. आतड्यातली पेशी मेली तर तिच्या जागी नवीन येते. ही मेली तर येत नाही."

बराच वेळ कांता पाहत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "बिचारी. तिची काय चूक?"

"काहीच नाही," विजयाबाई म्हणाल्या. "आणि तुमचीही नाही. तुमच्या हाताने गेला की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणीच नाही सांगू शकत. पण त्या महिन्यात कँपातल्या नळावर, चिखलात, प्रत्येक पोराच्या हातावर तो असणार. लॅबोरेटरीत आपण सगळं औषधात टाकून उकळतो. कँपात कोण उकळतं? उद्यापासून त्या औषधात हात घालायचे नाहीत. साबण पुरे."

कांताने मान हलवली. तिला आणखी एक विचारायचं होतं. "बाई, या उजव्या बाजूच्या दोन दिसून राहिल्या, त्या काय करतात?"

विजयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आजवर त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कॉलेजात बरोबर शिकणाऱ्यांनीसुद्धा.

"त्या जगल्यात. आणि जगलेल्या पेशी एक गोष्ट करतात. मेलेल्या पेशींचे धागे गळून पडतात ना, तेव्हा स्नायूचे तंतू उघडे पडतात. मग उरलेल्या पेशी आपल्या धाग्यांना नवे फाटे फोडतात आणि त्यातले काही तंतू सांभाळायला घेतात. दीड-दोन वर्षं चालतं हे. सगळे नाही सांभाळता येत. पण पायाला काम मिळत राहिलं तर जेवढे जगतात तेवढे बळकट होतात."

"मंग त्यायले काम द्या लागन," कांता म्हणाली.

ती उठली, तेवढ्यात विजयाबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "ताप असताना तिला सुई दिली होती?"

"हो. नाक्यावर. तिचे बाबा घेऊन गेले होते."

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

विजयाबाई पेटी बंद करू लागल्या. त्यांनी ती फारच हळू बंद केली. कांता बाटल्यांवरची नावं वाचणारी बाई होती, तिला चेहराही वाचता येत असे.

"बाई, सांगा मले."

त्यांनी सांगितलं. विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर कधी कधी त्याच पायात लुळेपणा येतो, असं विलायतेत दिसलं होतं. दुखावलेल्या जागेतून तो मज्जातंतूकडे जात असावा. नक्की कसं, ते अजून कळलेलं नव्हतं. गुलाबचं तसंच झालं असेल, किंवा सुई न देताही झालं असतं. "भय्याजींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा," विजयाबाई म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

त्या संध्याकाळी कांता घरी आली तेव्हा भय्याजी गुलाबला खांद्यावर बसवून दारात उभा होता. गुलाबने त्याचे केस दोन्ही मुठींत धरले होते. डावा पाय ती त्याच्या छातीवर आपटत होती, उजवा नुसता लटकत होता, आणि त्याने तो तळहाताने खालून आधार देऊन धरला होता, तिला कळू न देता.

कांताने सुईचं सांगितलं नाही. उरलेल्या पेशींचं सांगितलं. जमिनीवर कोळशाने काढून दाखवलं. भय्याजी उकिडवा बसून ऐकत होता.

"किती उरल्या असन आपल्या पोट्टीच्या?"

"माहीत नाही. पण उरल्या असन त्यायले रोज काम देऊन राहाचं, असं बाई म्हणते."

"कामाचं मले सांग," भय्याजी म्हणाला.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या माणसाने दाखवलं तसं त्याने केलं, आणि त्यात स्वतःचं घातलं. रविवारी त्याने छताच्या बल्लीला दोन लहान लाकडी पुल्या बांधल्या. त्यातून सुती दोर ओढला, टोकाला कापडाची झोळी. झोळीत गुलाबचा पाय ठेवला की पायाचं वजन दोर घ्यायचा. मग अगदी थोड्या जोराने पाय पुढे-मागे हलू शकत होता. जोर असेल तर. गुलाबला झोका वाटायचा. आधी ऊन पाण्यात पिळलेल्या घोंगडीच्या पट्ट्या कांता तिच्या मांडीला गुंडाळायची, अर्ध्या तासाने काढायची, मग भय्याजी पाय झोळीत ठेवायचा आणि म्हणायचा, "हं, गुलाब, मार लात. बाबाले मार."

पहिले दोन महिने लाथ बसली नाही. पाय तिथेच लोंबत राही. भय्याजी तरी दर वेळी "अरे बापा, लागली!" म्हणून मागे पडायचा. गुलाब खिदळायची. कांताने आता चमचा सोडला होता. हातानेच भरवत होती.

डिसेंबरात एका सकाळी ती पट्टी काढत होती तेव्हा गुलाबच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. तिला वाटलं आपलाच हात लागला. तिने हात दूर घेतले. "गुलाब, आणखी एक डाव." अंगठा पुन्हा हलला.  भय्याजी कांताचा चेहरा पाहूनच धावत आला. उन्हाळ्यापर्यंत झोळीतल्या पायाने भय्याजीच्या हनुवटीला खरी लाथ बसू लागली. तेव्हा तो मागे पडायचं विसरून जायचा.

आणि बासष्टचा ऑगस्ट आला.

कांता सुट्टीवर होती. पलीकडून चंपाचं रडणं ऐकू आलं. वर्षभरात दोघी फारशा बोलल्या नव्हत्या. ती बाहेर आली तर भय्याजी चंपाच्या दारात होता आणि रुक्मा त्याच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. चंपाचा नवरा पाळीवर होता.

"बुखार आहे पोट्टीले, दोन दिवस झाले, जुलाबही होऊन राहिले," भय्याजी कांताला म्हणाला. "नाक्यावर नेतो. सुई दिली की उतरन. आपल्या गुलाबचाही एका सुईनं उतरला होता ना."

तो निघालाच होता. कांता पुढे होऊन वाटेत उभी राहिली.

"सुई नका देऊ."

"कावून?"

"हॉस्पिटलात न्या. सुई नका देऊ तिले."

"अवं पण कावून? तिकडे लाइन असन. पोट्टी तापून राहिली."

चंपा रडायची थांबली होती. आजूबाजूच्या दोन बाया आल्या होत्या. कांताने भय्याजीकडे पाहिलं. वर्षभर जे एकटीने सांभाळलं होतं ते आता चारचौघांत बोलायचं होतं, आणि दुसरी वाट नव्हती.

"तो पोलिओचा ताप असन तं सुई दिली त्याच पायात लुळेपणा येऊ शकते," ती म्हणाली. "डॉक्टरबाईनं सांगितलं मले."

भय्याजी तसाच उभा राहिला. रुक्माच्या पाठीवरचा त्याचा हात थांबला. त्याने गुलाबकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसून डाव्या पायाने माती उकरत होती. मग त्याने रुक्माला कांताच्या हातात दिलं. 

कांता आणि चंपा मुलीला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. लाइन होती. चंपा वाटभर कांताचा पदर धरून चालत होती. डॉक्टरांनी सुई दिली नाही. पाणी, साखर-मीठ, थंड पट्ट्या आणि पडून राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी रुक्माचा ताप उतरला आणि ती उभी राहिली, दोन्ही पायांवर. त्या तापात तोच विषाणू होता की दुसराच कोणता, हे कोणालाच कळलं नाही.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी कांता परत आली तेव्हा भय्याजी पुल्यांखाली बसला होता. दोर त्याने गुंडाळून ठेवला होता. भाकरी झाकून तशीच होती.

"कवा सांगितलं तुले बाईनं?"

"मागच्या साली. काचेतून दाखवलं त्याच दिवशी."

"अन् तू वर्षभर ठेवलं पोटात?"

"हो."

"कावून, कांता?"

"तुमच्या हातानं तिचा पाय हलून राहिला होता," कांता म्हणाली. "ते हात थांबले असते तं मी काय केलं असतं?"

भय्याजीने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. प्लांटवर टनांनी वजन झेलणारा माणूस, पण त्याला रडताना आवाज कसा दाबायचा ते येत नव्हतं. कांता त्याच्याजवळ बसली.

"मी हात धुऊन राहिली होती तवा तुमी पाहत होते ना? मले वाटे मीच केलं. आता तुमाले वाटन तुमीच केलं. बाई म्हणते, सुई नसती दिली तरी झालं असतं, असंही असन. कोणाले माहीत नाही. पोट्टी तापली म्हणून तुमी उचलून पळाले. तुमी बसून राहिले असते तं मले चाललं असतं का?"

दोन दिवस त्याने दोराला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुलाबच सरपटत त्याच्यापाशी गेली, त्याचा अंगठा धरून ओढू लागली आणि म्हणाली, "बाबा, लात." त्याने गुंडाळलेला दोर सोडला आणि तिचा पाय झोळीत ठेवला.

पुढच्या रविवारी तो स्वच्छ शर्ट घालून सेक्टर दहाला विजयाबाईंच्या क्वार्टरवर गेला. त्याने सगळं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकून घेतलं, दोन-तीनदा विचारलं, कुठे चुकायला नको म्हणून. मग तो रिसालीला गेला, जिथे त्याच्या टोळीतले खलासी भाड्याच्या मातीच्या खोल्यांत राहत होते. मग मरोद्यातल्या खोल्यांच्या ओळीओळींत. पावसाळाभर तो पाळी सुटली की कुठे ना कुठे जाऊन बसायचा. पोरांच्या बापांना सांगायचा, ताप आला की नाक्यावरची सुई नको, आधी हॉस्पिटलात दाखवा, पाणी उकळून पाजा. कोणी हसलं, तुला काय कळतं म्हणालं, तर तो शांतपणे म्हणायचा, "मायी पोरगी पाहून जा. मीच नेली होती तिले." हे वाक्य त्याने एकदाही वगळलं नाही. कंपाउंडर एकदा भांडायला आला. भय्याजीने त्यालाही विजयाबाईंकडे पाठवलं. तो गेला नाही, पण त्या ऑगस्टनंतर तापलेल्या पोराला सुई देताना दोनदा विचार करू लागला, असं लोक म्हणत.

चंपाने माफी मागितली नाही. तिला ते येत नव्हतं. एक दिवस कांता जेवायला बसली तेव्हा चंपा आत आली, रुक्माला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मायं काम पडलं आहे. इले जरा तू भरव. तुयाच हातानं." आणि गुलाबला कडेवर घेऊन निघून गेली.

गुलाबचा पाय पूर्ण बरा झाला नाही. तो बारीक राहिला आणि दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. साडेचार वर्षांची असताना तिला हॉस्पिटलातून लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा बूट मिळाला. तो घालून ती आधी भिंत धरून, मग चंपाच्या रुक्माचा खांदा धरून, आणि मग काहीच न धरता चालू लागली. विजयाबाई तोवर बदलीवर नागपूरला गेल्या होत्या. कांताने दुसऱ्या कोणाकडून त्यांना पत्र लिहून घेतलं नाही. चौथीपर्यंत शिकली होती, स्वतःच लिहिलं. दोन ओळी. गुलाब चालते. आमी काम देऊन राहिलो.

पासष्टच्या जुलैत शाळेचा पहिला दिवस होता. शाळा कँपपासून अर्धा मैल. भय्याजीने पाळी बदलून घेतली होती, कांताने दोन तासांची सुट्टी. दोघं गुलाबच्या मागून तिच्या चालीने चालत होते, चार पावलं टाकायची आणि थांबायचं. बुटाच्या पट्ट्या खणखण वाजत होत्या. वाटेत चढ लागला, तसा भय्याजी तिला उचलायला वाकला.

गुलाबने त्याचा हात झटकला आणि वळून दोघांकडे पाहिलं.

"तुमी दोघं पुढे व्हा," ती म्हणाली. "मी येऊन राहिली ना."

ते पुढे झाले. चढाच्या वर जाऊन उभे राहिले. तिला पोचायला बराच वेळ लागला.